काळूरामकडे उतरायचं की गुहेत

शेणव्याचे कुंडलिक भेरे वयाची साठी ओलांडेपर्यंत एकदाही लॉजवर उतरले नव्हते, आणि याचा त्यांना जेवढा अभिमान होता तेवढा स्वतःच्या भातशेतीचाही नव्हता. माणूस परगावी गेला की तो कुणाकडे तरी उतरतो, हा त्यांचा नियम. लॉज, हॉटेल वगैरे ज्याचं जगात कुणी नाही त्याच्यासाठी. आणि कुंडलिककाकांचं जगात सगळीकडे कुणी ना कुणी होतं.

एकदा गुडघा दाखवायला ते संगमनेरला गेले होते. तिथं मात्र ओळखीचं कुणी निघेना. एसटी स्टँडसमोर एका रसवंतीवर 'भेरे' अशी पाटी दिसली. काकांनी आत जाऊन मालकाला नमस्कार केला, कूळ-मूळ विचारायला सुरुवात केली, आणि संध्याकाळी त्या माणसाच्या घरी पिठलं-भाकरी खाऊन झोपलेसुद्धा. सकाळी निघताना कळलं की पाटी आधीच्या मालकाची होती. या बिचाऱ्याचं आडनावच वेगळं होतं. पाहुणा इतक्या प्रेमानं बोलतोय तर मध्येच कसं सांगायचं, म्हणून तो गप्प राहिला होता. काकांना त्याचं काहीच वाटलं नाही. "नव्हतं नातं, पण आता झालं ना?" असं म्हणाले, आणि दर दिवाळीत त्याला नवे तांदूळ पाठवायला लागले.

या सगळ्या प्रवासांत कमळकाकू त्यांच्याबरोबर असायच्या. त्या काही बोलायच्या नाहीत. मी त्यांच्या शेजारच्या घरात राहते, आमच्या दोघींच्या ओट्यांमध्ये फक्त एक तुळस आहे, तरी काकूंना हे नातेवाइकांकडे उतरणं आवडतं की नाही हे मला कधी समजलं नव्हतं. कुणी विचारलंही नसावं.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मितेशला कंपनीतून पास मिळाले. मितेश आसनगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. पास होते 'नवलगाव'चे. मुरबाडच्या पुढं, सिद्धगडचा डोंगर समोर दिसतो तिथं हे मोठं पार्क झालंय. उंच पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, झुलणारं जहाज, संध्याकाळी दिव्यांचा खेळ. सगळ्या घराला दोन दिवस आत फिरता येणार होतं. राहायची सोय मात्र ज्याची त्यानं करायची होती.

आणि तिथंच घरात ठिणगी पडली.

मितेशची बायको निशिगंधा हिनं मोबाइलवर पार्कच्या आतलं हॉटेल शोधून काढलं. तिथल्या खोल्याही खेळण्यासारख्या. एक खोली जहाजासारखी, एक महालासारखी, एक गुहेसारखी. गुहेच्या छतावरून एक वटवाघूळ लोंबत होतं. नात हेतल दुसरीत आहे. तिनं वटवाघूळ पाहिलं आणि तिच्यापुरता प्रश्न सुटला.

"हाटेल कशाला?" कुंडलिककाका म्हणाले. "काळूरामचं घर पारकाच्या भिंतीला लागून हाय. भिंतीवरून हात केला तरी चहा मिळंल."

काळूराम म्हणजे काकांच्या आत्याचा मुलगा. काकांपेक्षा लहान, पण जीव की प्राण.

"बाबा, भिंतीला लागून आहे, पण गेट पलीकडच्या अंगाला," निशिगंधा म्हणाली. "पूर्ण वळसा मारून यायला लागतं. दुपारी हेतल दमली तर तिला झोपवायचं कुठं? आतल्या आत खोली असली की टेन्शन नाय. शिवाय हॉटेलवाल्यांना सकाळी गेट उघडायच्या आधीच सोडतात. पाळण्यांना लाइन नसते."

"लाइन नाय तर मजा काय? लाइनीत माणसांच्या ओळखी होतात."

"बाबा, तिथं ओळखी करायला कोण जातं?"

"मी जातो," काका म्हणाले, आणि ते खरंच होतं.

मितेश मध्ये सापडला. त्यानं एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा बापाकडे. काकांनी शेवटचं अस्त्र काढलं. "काळूरामच्या दाराशी जायचं नि हाटेलात उतरायचं? तो काय म्हणंल? उद्या माझ्या मयताला तरी येईल का तो?"

मयताचा विषय निघाल्यावर मितेश घाबरला आणि म्हणाला, "आपण आईला विचारू."

ही पळवाट होती. आई काय म्हणणार ते सगळ्यांना पाठ होतं. लग्न झाल्यापासून कुठल्याही प्रश्नावर काकूंचं एकच उत्तर असायचं, 'यांना विचारा.' त्या वेळी त्या ओट्यावर सुपात वाल निवडत बसल्या होत्या. मी समोरच होते, म्हणून पुढचं सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं.

"आई, कुठं उतरायचं? काळूरामकाकाकडे की गुहेत?"

काकूंनी सुपातला एक किडका दाणा उचलून अंगणात टाकला.

"मी गुहेत ऱ्हाणार," त्या म्हणाल्या.

काकांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"कुठं?"

"गुहेत. ते वटवाघूळ हाय तिथं."

"अगं, काळूराम आपला माणूस..."

"आपला हाय म्हणूनच तर." काकूंनी सूप बाजूला ठेवलं. "मी काळूरामकडे कितींदा गेली असंन? मला त्याच्या घरचं काय ठाव हाय ते विचारा. चूल कुठं, पिठाचा डबा कुठं, मीठ कुठल्या फळीवर, सगळं डोळे मिटून सांगंन. पण त्याच्या ओटीला रंग कुठला लावलाय ते नाय ठाव मला. ओटीवर मी कवा बसलीच नाय."

"कुणी नको म्हटलं होतं बसायला?"

"तुमी पावणे असता. पाय धुतले की तुमाला खुर्ची. मी पाय धुते नि सरळ आत. घरातली बाय म्हणते, बरं झालं आलीस, नि परात पुढं सारते. नाय कसं म्हणणार? आपली माणसं. हाटेलवाला आपला नाय. तो काय मला भाकऱ्या थापायला सांगणार नाय."

निशिगंधा सासूकडे अशी बघत होती, जशी काही सासूच आज या घरात नवी आली होती. काका उठले, खांद्यावर टॉवेल टाकला आणि म्हणाले, "मंग तुमी सगळी जावा हाटेलात. मी माझ्या माणसात ऱ्हाईन."

आणि तसंच ठरलं.

भाड्याच्या गाडीनं सगळे सकाळीच निघाले. मुरबाड मागं पडल्यावर काकांनी तोंड उघडलं, तेही ड्रायव्हरचं गाव विचारायला. काकूंशी त्यांचा अबोला होता. काकूंना तो अबोला फारसा जाणवला नाही, कारण त्या खिडकीतून बघत होत्या आणि हेतलला वटवाघळाबद्दल विचारत होत्या.

नवलगावच्या भिंतीजवळ आले तर रस्त्यात एक माणूस हातात लाल फडकं घेऊन नाचत होता. "पार्किंग, पार्किंग! घरगुती जेवण! राहायची सोय!" गाडी थांबवून त्यानं आत डोकावलं, आणि तो काळूराम निघाला.

"दादा! देवासारखा आलास!" त्यानं काकांना ओढूनच बाहेर काढलं. मग मागच्या सीटकडे बघत म्हणाला, "वैनी, उतरा ना."

"वैनी हाटेलात जाते," काका म्हणाले.

काकांनी मला नंतर सांगितलं की त्या क्षणी काळूरामचा चेहरा पडला. त्यांना आधी वाटलं, प्रेमानं पडला. मग काळूराम म्हणाला, "अरे देवा. माधुरी तर सकाळपासून वैनीची वाट बघत होती. आज घर फुल्ल हाय."

गाडी पुढं निघून गेली. काकूंनी काचेतून हात केला. काकांना त्या मुद्दाम हसल्यासारख्या वाटल्या.

काळूरामचं घर ओळखू येत नव्हतं. दारावर मोठी पाटी, 'माहेर होमस्टे'. ओटीवर, जिथं काका दर वेळी पाय पसरून पान खायचे, तिथं प्लास्टिकची टेबलं मांडलेली. आतल्या दोन्ही खोल्यांत मुलुंडहून आलेली दोन कुटुंबं. काळूरामनं ओशाळून काकांची पिशवी मागच्या पडवीत ठेवली. तिथं एका बाजूला खताच्या गोण्या होत्या, दुसऱ्या बाजूला पाण्याची मोटर.

"जरा सांभाळून घे दादा. मोटर सुरू झाली की आवाज करते, पण थोडाच वेळ." एवढं बोलून तो फडकं घेऊन परत रस्त्यावर पळाला.

काका एकटेच बसले. कुणाशी बोलावं? काळूरामची बायको माधुरी सैपाकघरातून डोकावली.

"भावजी, बसलाच हायत तर जरा एवढा लसूण सोलता?"

काकांनी आयुष्यात लसूण सोलला नव्हता, पण नातं होतं. लसूण संपला तेव्हा कांदे आले. कांदे संपता संपता आतल्या खोलीतून एक गृहस्थ टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि म्हणाले, "काका, गरम पाणी."

काकांनी बादली नेऊन दिली. मग दुसऱ्या खोलीला बादली. मग एकाला साबण. मग एका मुलाची चप्पल विहिरीकडे पडली होती ती. टॉवेलवाले गृहस्थ अंघोळ करून खूश झाले आणि त्यांनी विचारलं, "काका, किती वर्षं आहात इथं कामाला?"

"मी पावणा हाय," काका म्हणाले.

"हो हो," ते गृहस्थ हसून म्हणाले, "आम्ही पण!"

संध्याकाळी त्यांच्या बायकोला चुलीवरच्या तांदळाच्या भाकरीचा व्हिडिओ हवा होता. माधुरीचा एक हात कालवणात, दुसरा भातात. तिनं परात काकांपुढं सारली. काकांनी भाकरी हजारदा खाल्ली होती, ती कशी होते ते पाहिलं होतं असं त्यांना वाटायचं. पहिली परातीलाच चिकटली. दुसरी तव्याच्या वाटेवर फाटून निम्मी चुलीत पडली. तिसरी तव्यापर्यंत पोचली, पण ती भाकरी आहे हे सांगायला लागत होतं. मुलुंडच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. कुणी म्हणालं, किती साधा माणूस आहे. माधुरीनं तव्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "भावजी, तुमी पाणी भरा."

पाहुण्यांच्या पंगती उठल्यावर काका जेवायला बसले, तेही सैपाकघरातच, कारण टेबलांवर पत्ते सुरू होते. इतकी वर्षं ते त्या घरी आले, पण सैपाकघरात त्याच दिवशी पहिल्यांदा बसले होते. चुलीवरची भिंत काळी झालेली. खिडकी होती, पण ताटाएवढी. धुरानं डोळ्यांत पाणी आलं, का दिवसभरच्या कांद्यानं, ते त्यांचं त्यांनाच कळेना. माधुरीनं वाढलं, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत ती उभीच होती.

"तू बस ना जेवायला," काका म्हणाले.

"तुमचं झालं की भांडी करून मंग बसंन," माधुरी म्हणाली.

तिकडं भिंतीच्या पलीकडे कमळकाकूंचा वेगळाच गोंधळ चालला होता. गुहेत शिरल्याबरोबर त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला. दगडासारखी दिसणारी भिंत टिचकी मारल्यावर डब्यासारखी वाजली. "पोकळ हाय गो," त्या निशिगंधाला म्हणाल्या आणि खूप हसल्या. पलंग इतका मऊ की बसल्यावर त्या घाबरून उठल्या. मग परत बसल्या. मग हेतलला म्हणाल्या, "दार लाव, कुणी बघंल."

त्यांना त्रास झाला तो हातांचा. हातांना काम नव्हतं. निशिगंधा अंघोळीला गेली तेवढ्यात काकूंनी चादरी घडी करून ठेवल्या, टॉवेल पिळून वाळत घातले, आणि जमीन पुसायला काही मिळतं का म्हणून पलंगाखाली शोधायला वाकल्या. तेवढ्यात दार वाजलं. खोल्या साफ करणारी बाई आली होती. सोनूबाई तिचं नाव, सिद्धगडच्या पायथ्याच्या वाडीतली. तिनं घड्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला.

"आजी, हे तुमी कशाला केलं?"

"बसल्या बसल्या."

"माझा साहेब म्हणंल, सोनूबाय काय करते मंग? तुमी माझं काम घालवाल." तिनं घडी घातलेली चादर उलगडून पुन्हा पलंगावर पसरली. "तुमी बसा बघू. आज तुमी पावणी."

काकू बसल्या. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. म्हणाल्या, "माझ्या पुढ्यात दुसरी बाय वाकून काम करते नि मी बसलेली, हे काय मला धड जमलं नाय. पण ती म्हणाली, तुमी बोला, मी ऐकते. मंग मी बोलत बसली." सोनूबाईला मुलांच्या शाळेचं, भाताच्या मळणीचं, वाडीत आलेल्या बिबट्याचं सांगायचं होतं, आणि काकूंना ऐकायचं होतं. दोघींचं इतकं जमलं की निशिगंधा बाहेर आली तेव्हा सोनूबाई खिडकी पुसत होती आणि काकू तिला उरलेला कोपरा दाखवत होत्या.

सकाळची न्याहारी तर काकूंनी मला आतापर्यंत कितीतरी वेळा सांगितली आहे. लांबच लांब टेबल, त्यावर इडल्या, पोहे, ब्रेड, फळं, आणि एक मुलगा फक्त अंडी तळायला उभा. काकूंनी सगळीकडे फिरून प्रत्येक भांड्याचं झाकण उघडून पाहिलं. खाऊन झाल्यावर ताट उचलून त्या मोरी शोधायला निघाल्या, तेव्हा एक वेटर त्यांच्या मागं धावला. ताटाची थोडी ओढाताण झाली. वेटर जिंकला.

पण खरी मजा जहाजावर झाली. ते मोठं लाकडी जहाज, मागंपुढं झुलत झुलत इतकं वर जातं की माणूस जवळजवळ उलटा होतो. हेतलला उंचीमुळं सोडलं नाही. मितेश तिला घेऊन खाली थांबला आणि काकू निशिगंधाबरोबर अगदी टोकाच्या बाकावर बसल्या. जहाज वर गेलं, थांबलं, आणि खाली सुटलं. सगळे 'आई गं' म्हणून ओरडले. काकू ओरडल्या, "धसईच्या वन्सं, तुमच्या पापडाचं पीठ तुमीच मळा!"

निशिगंधाला वाटलं, सासूबाईंना भोवळ आली. जहाज परत वर गेलं.

"काळूराम, तुझ्या पोरीच्या बारशाला मी जेवलीच नाय रे!"

परत वर.

"खर्डीच्या मामी, तुमची भांडी तुमी घासा!"

आजूबाजूला इतका आरडाओरडा होता की कुणाला काही समजलं नाही. एकट्या निशिगंधाला सगळं स्पष्ट ऐकू येत होतं, आणि भीती वाटायची सोडून तिला हसू फुटत होतं. शेवटच्या झोक्याला काकूंनी सगळा दम गोळा केला. "नि तुमी हो! तुमी एकदा तरी आत येऊन बघा!"

जहाज थांबलं. काकूंनी पदर सारखा केला, केस मागं घेतले, आणि अगदी शांतपणे निशिगंधाला म्हणाल्या, "चल, परत बसू. टोकावड्याची मावशी रायली."

दुपारी कुंडलिककाका पार्कच्या गेटवर आले. पास त्यांच्याकडे होताच, पण पिशवीत माधुरीनं दिलेली सुक्या बोंबलाची चटणी होती, ती गेटवरच्या माणसानं आत नेऊ दिली नाही. एरवी काकांनी त्याचं आडनाव विचारून अर्ध्या घटकेत त्याला भाचा करून टाकला असता. त्या दिवशी त्यांनी डबा मुकाट्यानं त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "खा तू."

काकूंनी त्यांना लांबून पाहिलं. डोळे लाल, शर्टाला कसले कसले डाग.

"रडलात की काय?"

"कांदा."

"कांदा कशाला?"

काका शर्टावरचे डाग झटकायला लागले. मितेशनं त्यांना जहाज दाखवलं, उंच पाळणा दाखवला, तर ते म्हणाले, "बसायला कुठं हाय?" म्हणून काकू त्यांना खोलीत घेऊन गेल्या. एक मुलगा चहाचा ट्रे ठेवून गेला. काकांनी कप उचलला आणि विचारलं, "सकाळी इथं न्याहारी कुणी केली?"

"ठाव नाय," काकू म्हणाल्या. "मी विचारलंच नाय."

काकांनी कप खाली ठेवला.

"माधुरीच्या सैपाकघराला धड खिडकी नाय गो."

"हाय की. ताटाएवढी."

"धूर लय."

"हां."

"तू कवा बोलली नाय."

"तुमी कवा आत आला नाय."

काका पलंगावर टेकले, फक्त पाठ सरळ करायला म्हणून. ते संध्याकाळीच उठले. पाळणे, घसरगुंड्या, दिव्यांचा खेळ, यातलं काहीच त्यांनी पाहिलं नाही. गावात कुणी विचारलं, नवलगावात काय काय बघितलं, तर ते वटवाघळाचं वर्णन करतात.

परत निघताना काळूरामकडे जाणं भागच होतं. गाडी थांबली तशी माधुरी पदराला हात पुसत दारात आली. "वैनी! आलीस गो बाय! बरं झालं, ये आत, जरा..." आणि तिचा हात सवयीनं सैपाकघराकडे वळला.

"आत नाय," कुंडलिककाका म्हणाले. आवाज जरा मोठाच लागला, टेबलावरचे पाहुणेही बघायला लागले. त्यांनी एक खुर्ची ओढली. "ती इथं बसंल."

कमळकाकू बसल्या. मग त्यांनी माधुरीकडे पाहिलं. ती अजून दारातच उभी होती, घामानं कपाळ ओलं झालेलं.

"तू पण बस," काकू म्हणाल्या.

"चहा ठेवते ना आधी."

"चहा हे ठेवतील."

'हे' म्हणजे कोण, यावर काळूराम आणि कुंडलिककाका यांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी दोघं आत गेले. बाहेर दोघी बायका आणि निशिगंधा ऐकत बसल्या. आतून काळूरामचा आवाज आला, "दूध कुठं ठेवते ही?" मग काकांचा, "तुझंच घर ना रे?" मग काहीतरी पडलं. मग दूध उतू गेल्याचा वास. माधुरी दोनदा उठली, काकूंनी तिला दोनदा बसवलं. शेवटी चहा आला. ज्या टोपात सकाळी फोडणी दिली होती त्यातच तो उकळला होता, त्यामुळं त्याला लसणाचा खमंग वास होता. तिघींनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्याला. टॉवेलवाल्या गृहस्थांनीही एक कप मागितला आणि ही इथली खास पद्धत आहे का, असं विचारलं.

"तू गेलीस का गो कवा पारकात?" काकूंनी माधुरीला विचारलं.

"मी? मी कशाला जाते? इथून ओरडणं ऐकू येतं ना रोज."

"मंग पुढच्या महिन्यात मी येते. दोघी जाऊ."

"आणि घर?"

काकूंनी सैपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या दोघांकडे बघितलं. "घरात माणसं हायत की."

मला वाटलं होतं, हे तिथंच बोलण्यापुरतं राहील. पण माघात एक दिवस काकू नवं लुगडं नेसून, काकांना बरोबर घेऊन खरंच निघाल्या. त्या दिवशी 'माहेर होमस्टे'मध्ये पाहुण्यांना दोन्ही वेळ खिचडी मिळाली. त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही, कारण कुंडलिककाकांनी प्रत्येकाचं आडनाव, गाव आणि मामाचं गाव विचारून घेतलं होतं, आणि जेवायच्या आधीच ठाण्याचं एक कुटुंब चुलत-चुलत नात्यातलं निघालं होतं. आता महिन्यातून एकदा काका तिकडे जातात. काळूराम म्हणतो, दादा आला की पाहुणे लवकर उठत नाहीत. भाकरी त्यांना अजून येत नाही. लसूण मात्र फार झटपट सोलतात.

आणि त्या दोघी? माधुरीला उंच पाळण्याची भीती वाटली, जहाज लांबूनच नको झालं, म्हणून त्या पाण्याच्या घसरगुंडीकडे वळल्या. तिथं कळलं की लुगड्यावर सोडत नाहीत. खिडकीवरची मुलगी भाड्यानं नायलॉनचे कपडे देत होती, निळे, गुडघ्यापर्यंत, वर एक टोपी. दोघी बराच वेळ ते कपडे हातात धरून उभ्या राहिल्या. मग माधुरी म्हणाली, "इथं आपल्याला कोण ओळखतं?" आणि त्या कपडे बदलायच्या खोलीत शिरल्या. बाहेर आल्यावर दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि तिथंच भिंतीला टेकून इतक्या हसल्या की राखणदार शिट्टी वाजवायची विसरला.

खिडकीवरच्या मुलीनं काकूंच्याच मोबाइलवर दोघींचा फोटो काढून दिला. काकूंनी तो मला दाखवला, पण आधी दार लावून घेतलं.